न्याहारी, मोटार आणि बाह्य उपनगर : मेलबर्नच्या नगरविस्ताराचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

खाद्यसंस्कृतीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साधारणतः पदार्थ, पाककृती आणि अभिरुची यांकडे जाते. तो पदार्थ जिथे मिळतो त्या जागेपर्यंत माणूस कसा पोहोचतो, हा प्रश्न मात्र बहुधा वाहतुकीच्या अभ्यासकांवर सोपवला जातो. प्रस्तुत निबंधात या दोन प्रश्नांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न हे शहर आणि ‘ब्रंच’ हा सकाळ व दुपार यांच्या सीमेवरचा आहार निवडला आहे.

ही निवड सकारण आहे. कॉफीगृहांत बसून सुट्टीच्या दिवशी सावकाश न्याहारी करणे ही मेलबर्नची सांस्कृतिक ओळख मानली जाते. दुसरीकडे, याच शहराच्या कडेला गेल्या दोन-अडीच दशकांत अशी विस्तीर्ण उपनगरे उभी राहिली आहेत, की जिथे मोटारीवाचून घराबाहेर पडणे कठीण व्हावे. त्या उपनगरांत राहणाऱ्या भारतीय कुटुंबांची संख्या मोठी आहे आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. आपल्यापैकी अनेक प्राध्यापकांची मुले व विद्यार्थी तेथे स्थायिक झाले आहेत आणि अनेक निवृत्त सहकारी नातवंडांसाठी काही महिने तेथे राहून येतात. त्यामुळे हा विषय भौगोलिकदृष्ट्या दूरचा असला, तरी आपल्याला परका नाही.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे, की रविवारी सकाळी घरातून चालत निघून न्याहारीच्या ठिकाणी पोहोचता येते की नाही, हे तेथील रहिवाशांच्या आवडीनिवडीपेक्षा त्या वस्तीत रेल्वे, घर, दुकान आणि मोटार कोणत्या क्रमाने आली यावर अधिक अवलंबून असते.

ब्रंच : एका शब्दाची पार्श्वभूमी

‘ब्रंच’ हा शब्द ‘ब्रेकफास्ट’ आणि ‘लंच’ या दोन शब्दांच्या संकरातून बनला. गाय बेरिंजर या लेखकाने १८९५ साली ‘हंटर्स वीकली’ या इंग्लिश नियतकालिकात या आहाराचा पुरस्कार करणारा लेख लिहिला, तो या शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात छापील वापर मानला जातो. रविवारी चर्चहून परतल्यावर घ्यावयाच्या जड जेवणाऐवजी दुपारच्या सुमारास हलका आहार घ्यावा, म्हणजे शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागलेल्यांची सोय होईल आणि माणसे एकमेकांशी मोकळेपणाने बोलतील, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणजे आरंभापासूनच या आहाराचा संबंध भुकेपेक्षा फुरसतीशी आणि संगतीशी अधिक होता. तो एकट्याने, घाईत, गाडीच्या चाकामागे बसून घेण्याचा आहार नव्हता.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ग्रेट गुड प्लेस’ या ग्रंथात घर हे पहिले, कामाची जागा हे दुसरे आणि जिथे माणसे सहज, निमंत्रणाशिवाय भेटतात ते ‘तिसरे ठिकाण’, अशी मांडणी केली. मेलबर्नमधील कॉफीगृहाला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. अशा ठिकाणाची एक मूलभूत अट अशी, की ते वाटेत असावे लागते. तिथे जाण्यासाठी वेगळा बेत आखावा लागू नये. ही अट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

आधी रूळ, मग पेठ

मेलबर्नची स्थापना १८३५ साली झाली. १८५१ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीत सोने सापडल्यावर शहराची वाढ झपाट्याने झाली. सप्टेंबर १८५४ मध्ये मेलबर्न ते सँडरिज, म्हणजे आजचे पोर्ट मेलबर्न, या मार्गावर ऑस्ट्रेलियातील पहिली वाफेची रेल्वे धावली. मुंबई-ठाणे रेल्वे एप्रिल १८५३ मध्ये सुरू झाली, हे लक्षात घेता दोन्ही शहरांचा रेल्वेयुगातील प्रवेश जवळजवळ समकालीन होता, असे दिसते.

१८८० च्या दशकात मेलबर्नमध्ये जमिनीच्या खरेदी-विक्रीला उधाण आले. ‘ऑक्टोपस कायदा’ या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या १८८४ च्या कायद्याने पन्नासहून अधिक रेल्वेमार्गांना मंजुरी दिली. १८८५ पासून केबलवर चालणाऱ्या ट्राम रस्त्यांवर आल्या. १८९० च्या दशकाच्या आरंभी हा फुगा फुटला आणि बँका बुडाल्या. ग्रॅम डेव्हिसन यांनी ‘द राइज अँड फॉल ऑफ मार्व्हलस मेलबर्न’ (१९७८) या ग्रंथात या कालखंडाचा सविस्तर वेध घेतला आहे. तत्कालीन रेल्वेविस्तार लोककल्याणाच्या शुद्ध हेतूने झाला, असे म्हणता येणार नाही. त्यात सट्टेबाजांचा आणि जमीनमालक राजकारण्यांचा स्वार्थ होता. काही मार्ग तर प्रवाशांअभावी लगेच बंद पडले. १८९०-९१ मध्ये सुरू झालेल्या ‘आउटर सर्कल’ मार्गाचा बराचसा भाग त्याच दशकात बंद झाला, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

असे असले, तरी या सट्ट्याचा एक अनपेक्षित परिणाम टिकून राहिला. ज्याला ट्राममधून उतरून घरी चालत जायचे होते, त्याला वाटेतच भाजी, पाव, मांस आणि औषधे हवी होती. परिणामी ट्रामच्या आणि स्थानकाजवळच्या रस्त्यांवर अरुंद दर्शनी भागाची, वर राहण्याची सोय असलेली दुमजली दुकाने एकमेकांना खेटून उभी राहिली. ब्रन्सविकमधील सिडनी रोड, प्रहरानमधील चॅपल स्ट्रीट, कॉलिंगवुडमधील स्मिथ स्ट्रीट या अशाच लांबट पेठा होत. दादर किंवा विलेपार्ले येथील स्थानकाबाहेरचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या रचनेमागील तर्क वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पायी चालणारा माणूस हाच त्या दुकानाचा आधार होता.

मोटारीचे राज्य

पेट्रोलचे रेशनिंग, मजुरांची टंचाई आणि घरांचा तुटवडा या युद्धोत्तर अडचणींतून बाहेर पडत असतानाच ऑस्ट्रेलियात मोटारयुगाने मूळ धरले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी पंतप्रधान बेन चिफली यांच्या हस्ते मेलबर्नमधील फिशरमन्स बेंड येथे होल्डन मोटारीचे अनावरण झाले. १९५० च्या आरंभी पेट्रोलचे रेशनिंग उठले. पुढील दोन दशकांत मोटार ही श्रीमंतांची चैन न राहता सामान्य कुटुंबाची वस्तू बनली आणि रेल्वेमार्गांच्या मधल्या मोकळ्या जमिनी प्रथमच घरबांधणीच्या आवाक्यात आल्या.

३ ऑक्टोबर १९६० रोजी मायर कंपनीने आग्नेय मेलबर्नमध्ये चॅडस्टन हे खरेदी केंद्र उघडले. दुकानांसाठी निवडलेली ही जागा कोणत्याही रेल्वे स्थानकाला लागून नव्हती. ग्राहक मोटारीने येणार, हे गृहीतच धरले होते. जुन्या पेठेत दुकान रस्त्याला चिकटलेले असे. येथे दुकान आणि रस्ता यांच्यामध्ये वाहनतळ आला. हा बदल दिसायला किरकोळ असला, तरी त्याने उपनगरातील व्यापाराचे गणित बदलून टाकले.

१९६९ च्या मेलबर्न वाहतूक आराखड्याने सुमारे ५०० किलोमीटर लांबीच्या द्रुतगती मार्गांचा प्रस्ताव मांडला. त्या वेळी हेन्री बोल्टी हे व्हिक्टोरियाचे प्रमुख होते. शहराच्या जुन्या भागातील रहिवाशांनी तीव्र विरोध केल्यावर १९७३ मध्ये बोल्टींचे उत्तराधिकारी रुपर्ट हेमर यांनी त्यांपैकी अंतर्भागातील अनेक मार्ग रद्द केले. जुन्या पेठा वाचल्या त्या काही अंशी या निर्णयामुळे. बाह्य भागात मात्र रस्तेबांधणी चालू राहिली. पश्चिमेकडे वेस्ट गेट पूल १९७८ मध्ये खुला झाला. बांधकाम चालू असताना १९७० मध्ये तो कोसळून ३५ कामगार मृत्युमुखी पडले होते. हा पूल झाल्यावर पश्चिमेची सपाट, गवताळ मैदाने मोटारीच्या दृष्टीने शहराच्या जवळ आली.

डेव्हिसन यांनी ‘कार वॉर्स’ (२००४) या दुसऱ्या ग्रंथात मोटारीच्या विजयाचा इतिहास लिहिताना तिला केवळ खलनायकाच्या भूमिकेत उभे केलेले नाही. मोटारीने स्वातंत्र्य दिले आणि लोकांनी ती मनापासून स्वीकारली, ही बाजूही त्यांनी मांडली आहे. प्रस्तुत निबंधाचाही मोटारीशी वाद नाही. मोटारीने पर्याय वाढवले तोवर ते स्वातंत्र्य होते. इतर पर्याय उरलेच नाहीत, तेव्हा ती सक्ती झाली. या स्थित्यंतराचा काळ कोणता, एवढाच येथे प्रश्न आहे.

जुन्या पेठेत नवी न्याहारी

मेलबर्नच्या अंतर्भागातील कार्ल्टन, फिट्झरॉय, ब्रन्सविक ही उपनगरे युद्धोत्तर काळात जुनाट व गरीब मानली जात. १९३८ साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण आयोगाने गलिच्छ वस्ती म्हणून त्यांचे काही भाग पाडून तेथे उंच इमारती बांधल्या. परंतु स्वस्त भाड्यामुळे याच भागांत इटालियन व ग्रीक स्थलांतरित येऊन राहिले आणि त्यांच्याबरोबर एस्प्रेसो कॉफी आली. बर्क स्ट्रीटवरील पेलेग्रिनीज हे कॉफीगृह १९५४ पासून चालू आहे.

कायद्यांचाही यात वाटा होता. व्हिक्टोरियात १९१६ ते १९६६ अशी पन्नास वर्षे मद्यालये सायंकाळी सहा वाजता बंद करण्याचा नियम होता. अर्थतज्ज्ञ जॉन न्यूवेनहायसेन यांच्या १९८६ च्या अहवालानंतर १९८७ साली नवा मद्यनियंत्रण कायदा आला आणि लहान खाद्यगृहांना परवाना मिळणे सुलभ झाले. १९९६ च्या कायद्याने रविवारी दुकाने उघडी ठेवण्यास राज्यभर मोकळीक मिळाली. रविवारची पेठ जागी झाल्यावर रविवारच्या न्याहारीलाही गिऱ्हाईक मिळाले. सिडनीत बिल ग्रेंजर यांनी १९९३ मध्ये डार्लिंगहर्स्ट भागात ‘बिल्स’ हे खाद्यगृह काढले. परवान्याच्या अटींमुळे त्यांना भर दिवसाच्या आहारावर द्यावा लागला आणि तेथील पावावरचा अॅव्होकाडो पुढे जगभर गेला. खाण्याच्या सवयी घडवण्यात नियमांचा हात किती असतो, याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ साली असा विचार मांडला होता, की नव्या, धाडसी कल्पनांना जुन्या इमारतींची गरज असते. कारण नव्या बांधकामाचे भाडे प्रस्थापित धंद्यालाच परवडते. मेलबर्नच्या ब्रंचचा इतिहास या विधानाला दुजोरा देतो. शंभर वर्षांपूर्वीच्या किराणा दुकानात किंवा खाटिकखान्यात, कमी भाड्यात, आठ-दहा टेबले मांडून ही कॉफीगृहे सुरू झाली. स्टारबक्स या अमेरिकी साखळीने २००० मध्ये ऑस्ट्रेलियात प्रवेश केला आणि २००८ मध्ये आपल्या ८४ पैकी ६१ शाखा बंद केल्या, यावरून स्थानिक कॉफीगृहांची मुळे किती खोल गेली होती, याची कल्पना येते.

टार्नीट : रविवारची सकाळ

आता आपण शहराच्या पश्चिम कडेला येऊ. विंडहॅम नगरपालिकेच्या हद्दीतील टार्नीट हे उपनगर मेलबर्नच्या मध्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. २०१६ च्या जनगणनेत येथे सुमारे ३४,५०० लोक होते. २०२१ मध्ये ही संख्या ५६ हजारांवर गेली. संपूर्ण विंडहॅमची लोकसंख्या २०२१ मध्ये सुमारे २ लाख ९२ हजार होती. भारतात जन्मलेल्यांचे प्रमाण येथे लक्षणीय आहे. त्याच जनगणनेत ऑस्ट्रेलियातील भारतात जन्मलेल्या रहिवाशांची संख्या ६ लाख ७३ हजारांवर पोहोचून इंग्लंडखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर आली होती, हेही येथे ध्यानात घ्यावे.

मेलबर्न-गिलाँग रेल्वे १८५७ मध्ये या परिसरातून, विंडहॅममधीलच वेरिबीवरून गेली. टार्नीटला मात्र स्वतःचे स्थानक २१ जून २०१५ रोजी मिळाले, म्हणजे हजारो घरे बांधून झाल्यावर. तेही विद्युत उपनगरी सेवेचे नव्हे, तर प्रादेशिक डिझेल गाड्यांच्या मार्गावरचे. स्थानकाला मोठा वाहनतळ जोडावा लागला, कारण स्थानकापर्यंत जाण्यासाठीही मोटार लागते. शेजारच्या पॉइंट कुक या ६६ हजारांहून अधिक वस्तीच्या उपनगरात रेल्वे स्थानक नाही. तेथील रहिवाशांना २०१३ मध्ये उघडलेले विल्यम्स लँडिंग हे स्थानक त्यातल्या त्यात जवळचे.

अशा उपनगरात घटनाक्रम उलटा असतो. प्रथम विकासक शेतजमीन घेतो, नमुना घरे उभारतो आणि भूखंड विकतो. मग घरे आणि त्यांना जोडणारे, वळणावळणाचे, पुष्कळदा बंद टोकाचे रस्ते होतात. शाळा व बस त्यांच्या मागून येतात. पुरेशी कुटुंबे राहायला आल्याची खात्री पटल्यावर एखादी मोठी किराणा साखळी आपले दुकान काढते आणि त्याच्या आधाराने औषधांचे दुकान, केस कापण्याचे दुकान व एखादे कॉफीगृह येते. त्यामुळे पहिल्या काही वर्षांत राहायला आलेल्या कुटुंबाला ‘ब्रंच कुठे मिळेल’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘दुसऱ्या उपनगरात’ असेच मिळते. कॉफीगृह आल्यावरही ते वाहनतळाच्या मध्यावर असते. सरळ रेषेत एक किलोमीटरवर असलेल्या जागी बंद गल्ल्यांमुळे बराच मोठा वळसा घालून जावे लागते आणि वाटेत सावलीला झाडे वाढायची असतात.

वाहनतळाचे गणित येथे मुद्दाम तपासण्याजोगे आहे. व्हिक्टोरियाच्या नगररचना नियमांत खाद्यगृहासाठी दीर्घकाळ प्रत्येक ग्राहकामागे ०.४ मोटारींची जागा हे सर्वसाधारण प्रमाण होते. परवानगीने त्यात सूट मिळू शके आणि जुन्या पेठांतील कॉफीगृहांना अशा सवलतीचा लाभ होत असे. या प्रमाणाने चाळीस ग्राहकांच्या कॉफीगृहाला १६ मोटारींची जागा लागते. २.६ मीटर रुंद व ४.९ मीटर लांब जागा आणि समोरच्या ६.४ मीटर मार्गाचा निम्मा हिस्सा धरल्यास एका मोटारीला सुमारे २१ चौरस मीटर, म्हणजे १६ मोटारींना सुमारे ३३७ चौरस मीटर जमीन लागते. चाळीस माणसांच्या टेबल-खुर्च्यांना याच्या एका लहान अंशाइतकीच जागा पुरते. याचा अर्थ असा, की न्याहारी करणाऱ्या माणसापेक्षा त्याच्या उभ्या मोटारीसाठी अधिक जमीन राखावी लागते. तिची किंमत अखेर भाड्यात आणि भाड्यातून ताटात उतरते. नवख्या, लहान धंदेवाईकाला ती पेलणे अवघड जाते. मोटारीतूनच पदार्थ घेऊन जाण्याची सोय असलेल्या जलद खाद्यसाखळ्यांना मात्र ही रचना सोयीची ठरते. तेथे न्याहारी मिळते. परंतु बेरिंजरला अभिप्रेत असलेली संगत मिळत नाही.

घर की न्याहारी? २०१६ चा वाद

ऑक्टोबर २०१६ मध्ये बर्नार्ड सॉल्ट या लोकसंख्या-विश्लेषकांनी एका राष्ट्रीय दैनिकातील सदरात, २२ डॉलरचा अॅव्होकाडो-पाव खाणाऱ्या तरुणांनी तेच पैसे घरासाठी साठवू नयेत काय, अशा आशयाची टिप्पणी केली. मध्यमवयीन लोकांच्या उपदेशखोरीची थट्टा करण्याचा आपला हेतू होता, असे त्यांनी नंतर स्पष्ट केले. परंतु वाद जगभर गाजला. घरांच्या किमती इतक्या वाढल्या आहेत, की न्याहारी सोडून घर होत नाही, असे तरुणांचे प्रत्युत्तर होते.

या वादात एक भौगोलिक वास्तव दुर्लक्षित राहिले. न्याहारी सोडून पैसे साठवणाऱ्या सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबाला जे घर परवडत होते, ते प्रायः टार्नीटसारख्या बाह्य उपनगरातच होते. म्हणजे त्याने न्याहारी सोडून घर घेतले, की न्याहारीची जागाही आपोआप दूर गेली. घर आणि कॉफीगृह हे दोन खर्च परस्परविरोधी आहेत, असे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले. वस्तुतः ते एकाच ठिकाणी असू नयेत, ही व्यवस्था नगररचनेच्या इतिहासाने केली होती. त्यातही बचत खरोखर होते काय, हा प्रश्न उरतोच. ग्रिफिथ विद्यापीठातील जागो डॉडसन व नील साइप यांनी २००५ पासून केलेल्या अभ्यासांत ऑस्ट्रेलियन शहरांच्या बाह्य उपनगरांतील कुटुंबे इंधनाच्या भाववाढीपुढे सर्वाधिक असुरक्षित असल्याचे नकाशांद्वारे दाखवले. स्वस्त घराची किंमत पुढे दुसऱ्या मोटारीच्या रूपाने, हप्त्याहप्त्याने चुकवावी लागते.

ज्यांच्या हाती चाक नाही

ब्रंचचा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मोटार असेल तर वीस मिनिटे गाडी चालवून जाता येते, मग अडचण कसली? अडचण मोटार न चालवणाऱ्यांची आहे. व्हिक्टोरियात स्वतंत्रपणे मोटार चालवण्याचा परवाना वयाच्या अठराव्या वर्षी मिळतो आणि एकवीस वर्षांखालील उमेदवाराला त्याआधी १२० तास देखरेखीखालील सराव करावा लागतो. तोवर किशोरवयीन मुलाला मित्राला भेटण्यासाठीही आईवडिलांचा वेळ मागावा लागतो. नव्याने आलेल्या स्थलांतरित कुटुंबात मोटार बहुधा एकच असते आणि ती कामावर जाणाऱ्याकडे असते. घरी राहणाऱ्या व्यक्तीचा, पुष्कळदा स्त्रीचा, दिवस त्या मोटारीच्या परतण्याशी बांधला जातो.

तिसरा गट ज्येष्ठांचा आहे. आयुष्यभर सकाळी पायी फिरायला जाऊन, कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात चहा घेऊन, चार ओळखीच्या माणसांशी बोलून घरी परतणारा निवृत्त माणूस जेव्हा अशा उपनगरात सहा महिने राहतो, तेव्हा त्याला उणीव भासते ती पदार्थांची नव्हे. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी घरी होतच असते. भारतीय किराणा दुकानांचीही वाण नाही. उणीव असते ती कोणाच्या सोबतीवाचून गाठता येईल अशा एका जागेची. व्हिक्टोरिया सरकारच्या २००६ च्या वाहतूक योजनेत आठवड्याचे सातही दिवस रात्री नऊपर्यंत किमान तासाला एक बस, असे उद्दिष्ट ठेवले गेले, हे मोठेच पाऊल होते. परंतु तासाला एक बस हा शाळा किंवा दवाखान्यासाठी आधार होऊ शकतो. सहज बाहेर पडून चहा घेऊन यावा, या वृत्तीला तो पुरत नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये करोना साथीच्या काळात मेलबर्नकरांना घरापासून ५ किलोमीटरपलीकडे जाण्यास बंदी झाली. या निर्बंधाने नकळत एक तुलना घडवून आणली. त्रिज्या सर्वांना सारखी होती. पण फिट्झरॉयच्या पाच किलोमीटरांत अनेक पेठा मावत होत्या आणि नव्या वसाहतीच्या पाच किलोमीटरांत प्रामुख्याने घरे व अर्धवट रस्ते. कॉफीगृहांत बसून खाण्यास सर्वत्र बंदी होती, तरी पेला हातात घेऊन चालत जाण्यासारखी वाट कोणाच्या वाट्याला आली, हे त्या काळात स्पष्ट दिसले.

प्रतिवाद आणि मर्यादा

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की उपनगरांविषयीची नाराजी ही शहरी बुद्धिवाद्यांची जुनी खोड आहे. वास्तुरचनाकार रॉबिन बॉइड यांनी ‘द ऑस्ट्रेलियन अग्लिनेस’ (१९६०) मध्ये उपनगरी अभिरुचीवर कोरडे ओढले, तर ह्यू स्ट्रेटन यांनी ‘आयडियाज फॉर ऑस्ट्रेलियन सिटीज’ (१९७०) मध्ये अंगण असलेल्या घराचा आणि त्यातून मिळणाऱ्या स्वातंत्र्याचा समर्थपणे कैवार घेतला. स्ट्रेटन यांचे म्हणणे आजही मोलाचे आहे. मुंबईतील दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाला चार शयनगृहांचे घर आणि मागील अंगण यांचे अप्रूप वाटावे, यात गैर काहीच नाही. पण अंगण आणि पेठ यांपैकी एकाचीच निवड केली पाहिजे, असे स्ट्रेटन यांच्या युक्तिवादातून निघत नाही.

दुसरा आक्षेप असा, की विरळ वस्तीत सार्वजनिक वाहतूक आणि दुकाने परवडतच नाहीत. पॉल मीस यांनी ‘अ व्हेरी पब्लिक सोल्यूशन’ (२०००) मध्ये मेलबर्न व टोरांटो यांची तुलना करून आणि पुढे ‘ट्रान्सपोर्ट फॉर सबर्बिया’ (२०१०) मध्ये या समजुतीला आव्हान दिले. वस्तीच्या घनतेपेक्षा वाहतुकीचे नियोजन व मार्गांचा परस्परमेळ निर्णायक असतो, असे त्यांचे मत होते. व्हिक्टोरिया सरकारने २००२ मध्ये नगरवाढीची सीमा आखली. पण ती पुढे वेळोवेळी बाहेर सरकवली. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या ‘प्लॅन मेलबर्न’ने रोजच्या गरजा घरापासून वीस मिनिटांत भागाव्यात असे ध्येय मांडले. ध्येय उचित होते. तथापि घरे आधी आणि सुविधा मागून, हा क्रम कायम असेल तर पहिल्या पिढीतील रहिवाशांच्या वाट्याला ती वीस मिनिटे मोटारीचीच येतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. मेलबर्नची ब्रंच-संस्कृती ही केवळ समृद्धीची किंवा अभिरुचीची निर्मिती नव्हे. एकोणिसाव्या शतकातील रूळ, त्यांच्या काठाने उभ्या राहिलेल्या अरुंद दुकानांच्या पेठा, स्थलांतरितांची कॉफी, स्वस्त जुन्या इमारती आणि १९८७ ते १९९६ या काळातील कायदेबदल यांच्या संयोगातून ती घडली. बाह्य उपनगरांत यांपैकी रूळ आणि जुनी पेठ हे दोन पायाभूत घटक नाहीत. तेथे कॉफीगृहांची उणीव भासते, तिचा दोष रहिवाशांच्या आवडीला किंवा उद्यमशीलतेला देणे म्हणूनच इतिहासाला धरून होणार नाही.

तसेच, एकोणिसाव्या शतकातील सट्टेबाज हे आजच्या विकासकांहून अधिक सज्जन नव्हते. फरक एवढाच, की जमीन विकण्यासाठी त्यांना आधी रूळ टाकावे लागत. खरेदीदाराजवळ स्वतःची मोटार आल्यावर ती गरज संपली आणि प्रवासाची जबाबदारी सार्वजनिक व्यवस्थेकडून कुटुंबाच्या खर्चाकडे सरकली. या सरकलेल्या जबाबदारीची नोंद जमाखर्चाच्या कोणत्याही सरकारी वहीत सापडत नाही. ती सापडते रविवारी सकाळी मुलाला सवड होईपर्यंत खिडकीशी बसून राहणाऱ्या आईवडिलांच्या दिनक्रमात. नगररचनेचा इतिहास लिहिताना रस्ते, पूल आणि आराखडे यांच्या जोडीने या प्रतीक्षेचीही नोंद घेतली गेली पाहिजे.